थोडी वार

आधी शेजारचे काका डावं मनगट वळवून घड्याळ बघायचे, मग रस्त्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे, आणि म्हणायचे, "बस जाईल."

कुठली बस, हे विचारण्यात अर्थ नव्हता. कोयलीच्या रिफायनरीतून ते निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली होती, आणि बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीसमोर थांबणारी त्यांची बस आता त्या रस्त्यानं येतही नव्हती. तरी लिफ्टची वाट बघताना बस जायची. दूध तापत असताना जायची. माझ्या भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हे शब्द उच्चारले आणि नवरदेव दचकून मागे बघू लागला.

आता गंमत ऐका. ज्या गाण्यानं दोन पिढ्यांना 'थांब' म्हणायला शिकवलं, ते लिहिणारा आणि गाणारा माणूस हाच.

थोडी वार थांब ना, थोडी वार थांब,
थोडी वार थांब ना, थोडी वार थांब,
रस्ता कुठे पळून जातो, रस्ता आहे लांब.

काकांना गिटार शिकवली रेल्वेतल्या एका मित्रानं, आणि त्याच्याकडूनच त्यांनी ब्लूज उचललं. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. "सोपं आहे," काका म्हणाले. "दुःखाची ओळ एकदा म्हणायची. मग तीच परत म्हणायची. तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा कोण ऐकतं?"

छाणीला मित्राच्या वर्कशॉपमध्ये भिंतींवर गोधड्या टांगून त्यांनी ते गाणं कॅसेटवर भरलं. बाहेर लेथ चालायचं. ते बंद झालं की हे गायचे. ती कॅसेट कुणीतरी पुण्याला नेली, तिथून मुंबईला गेली, आणि पुढे ती काकांच्या हातात राहिली नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं वाजलं, रिक्षांमध्ये वाजलं. बँडवाल्यांनी ते वरातीत घेतलं, तेव्हा घोड्यावरचा नवरा 'थोडी वार थांब' ऐकत मांडवाकडे निघालेला मी स्वतः पाहिला आहे. नवरात्रात कुणी त्याला गरब्याचा ठेका दिला, आणि त्या रडक्या गाण्यावर शेकडो बायका टाळ्या देत फिरल्या. काका कुंपणाबाहेर उभे राहून घड्याळ बघत होते.

मग पुण्याच्या एका साप्ताहिकात एका प्राध्यापकांचा लेख आला. वार म्हणजे काळाचा घाव, असं त्यात होतं. प्रियकर घाव थोपवून धरतो आहे, वगैरे. काका ते पान घेऊन आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"वाचलंत?"

"किती छान लिहिलंय."

"अहो निवेदिकाबाई," ते हळूच म्हणाले, "वार गुजराती आहे. कँटीनमध्ये एका पुणेकराला म्हटलं, थोडी वार थांब, तर तो म्हणाला, कुठला वार, मंगळवार? तेव्हा कळलं. थोडा वेळ म्हणायला हवं होतं."

मला ते निवेदिकाबाई म्हणत, कारण इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत माइक माझ्या हाती असतो. मी जन्मापासून बडोद्यात थोडी वार थांबते आहे. तो शब्द आपला नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मागून काकू आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग? मी पुण्यासारखं बोलते असं वाटलं होतं का तुम्हाला?"

कारण शब्द काकूंचा होता. रोज सकाळी हे चपला घालून दारात उभे, बस जाईल, बस जाईल, आणि काकू आत डब्याचं झाकण बसवत असायच्या. ते वाकडं झालेलं झाकण कधी एका फटक्यात बसलं नाही. "थोडी वार थांबा," त्या म्हणायच्या. एकदा ऐकलं नाही म्हणून दुसऱ्यांदा म्हणायच्या. तोवर डबा हिसकावून काका जिन्यात. दुपारी शर्टावर आमटी. आमच्या शहरातलं हे ब्लूज एवढंच होतं.

पण घाव छापून आला होता. काकांनी तो नाकारला नाही, आणि तिथून त्यांच्या जिवाला घोर लागला. पुण्याचा शिक्का असलेलं पाकीट ते आधी उजेडात धरून बघायचे. मुलाखतीत कुणी अर्थ विचारला की पुटपुटायचे, "काळ... घाव... असं काहीतरी." आणि मी काय केलं असेल? दरवर्षी स्टेजवर छातीवर हात ठेवून, आवाज खाली आणून, "काळाचा घाव" म्हणायचे. पहिल्या रांगेतून काका माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या खुर्चीखाली सुतळी बॉम्ब लावते आहे. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा वाटायची.

काकू गेल्या तेव्हा ती मजा संपली. त्यानंतर बराच काळ मी काकांना तो शब्द गाण्याबाहेर उच्चारताना ऐकलं नाही.

मागच्या वर्षी मुंबईहून एका तरुण गायिकेचा फोन आला. तिला गाणं नव्यानं करायचं होतं. मुलगी गोड होती, अभ्यासूही होती, आणि तीच भीती होती. फोन स्पीकरवर होता, मी समोर बसले होते.

"काका, घाव असेल तर थोडा वार पाहिजे ना? थोडी वार कशी?"

काकांनी घड्याळ बघितलं.

"माझी मावशी नर्स आहे," ती म्हणाली. "मराठीत स्त्रीलिंगी वार म्हणजे बाळंतिणीची, बाळामागून पडते ती. मावशी म्हणाली, थोडी वार म्हणजे पूर्ण पडलेली नाही, डॉक्टरांना बोलवा."

मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला. काका पांढरेफटक पडले होते.

"आपण 'थोडा वेळ' करूया का? मात्रा तेवढ्याच आहेत. रविवारी मी तुमच्या कार्यक्रमाला येतेच आहे, तेव्हा सांगा. सोमवारी रेकॉर्डिंग आहे."

पुढचे सहा दिवस मी काकांना जिन्यात, फाटकाशी, भाजीच्या गाडीपाशी भेटले आणि प्रत्येक वेळी ते माझ्यापुढे तोच हिशेब मांडत राहिले. वेळ शुद्ध आहे. वेळ घातलं तर कुणी काही विचारणार नाही. घावही मिटेल, मावशीही गप्प बसेल. वार ठेवायचं तर का ठेवायचं ते सांगावं लागेल, आणि सांगितलं तर इतकी वर्षं मिरवलेला कवी उघडा पडेल.

"मग वेळ करा," शनिवारी मी म्हटलं.

"हो. तेच बरं." मग थोडं थांबून, "पण मग ती कुठे जाईल?"

"कोण? वार?"

काकांनी रस्त्याकडे बघितलं.

रविवारी हॉल भरला होता. नेहमीचा घाव मी ओठांपर्यंत आणला आणि गिळला. त्याऐवजी, माझ्या स्वभावाला धरून, मी माइक सरळ त्यांच्या तोंडापुढे धरला. "काका, आज तुम्हीच सांगा. वार म्हणजे काय?"

त्या क्षणी ते माझ्याकडे कसे बघत होते ते मी विसरणार नाही. मी चूक केली असं मला वाटलं. त्यांनी मनगट वळवलं. आता बस जाणार, मी मनात म्हटलं.

"वार म्हणजे वेळ," काका म्हणाले. "गुजराती शब्द आहे. लिहिताना मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तर बोललो नाही. घाव वगैरे काही नाही. डब्याचं झाकण बसत नव्हतं आणि मी घाईत होतो. ती म्हणायची, थोडी वार थांबा. मी थांबलो नाही."

मी माइक खाली घेतला.

आणि तिसऱ्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला, स्वतःला हळू वाटेल अशा आवाजात, म्हणाल्या, "वार गुजराती आहे? मग मराठीत काय म्हणतात?"

अख्खा हॉल हसला. सगळे बडोद्याचे, सगळ्यांच्या घरी तीच वार. चूक कळायला इथे कुणी नव्हतंच. पुण्याला ती चूक खोल वाटली आणि इथे कुणाला दिसली नाही. मध्ये एकटे काका इतकी वर्षं जागे होते.

गायिकेनं विचारलं, "म्हणजे वारच गायची?"

"वारच," काका म्हणाले. "दोनदा."

नवं गाणं आलं त्या दुपारी ते माझ्या स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून बसले. पहिल्या ओळीला श्वास रोखलेला. दुसरीलाही. तिसरीला त्यांनी फोन खाली ठेवला आणि चहा मागितला. घड्याळ बघितलं नाही.

काका दोन महिन्यांनी गेले. आधीच सांगून टाकते. गोष्टीचा शेवट राखून ठेवायची मला खोड आहे, पण इथे ती नको.

सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर आणि त्याच्या सोबत्यानं त्यांना खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं. घाई करायलाच हवी होती. मी गॅस बंद आहे ना बघून आले, किल्ली शोधली. ड्रायव्हर मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला, "काका, मोडुं थशे." उशीर होईल.

काकांनी उंबऱ्यावर हात टेकला. ते आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"भाई," ते म्हणाले, "थोडी वार."

ड्रायव्हर गुजराती होता. त्याला अर्थ विचारावा लागला नाही. तो थांबला.