धुतलेलं कोकरू

परभणीच्या दवाखान्यातून मी रिकाम्या हाताने घरी आले, त्याला अकरा दिवस झाले होते. बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं. मी बेशुद्ध होते. शुद्धीवर आले तोवर घरच्यांनी त्याला मातीआड केलं होतं. बाया भेटायला यायच्या, रडायच्या, मी त्यांच्यासाठी चहा ठेवायचे. मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी आमची एक मेंढी व्याली. सासूबाई पाण्याला गेलेल्या. कोकरू चिकट, रक्तामातीत लडबडलेलं. मला बघवेना. बाळासाठी आणलेला साबण तसाच पडला होता. तो फोडला, कोमट पाण्याने कोकराला चांगलं घसघसून धुतलं, पुसलं आणि त्याच्या आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि ढुसणी दिली. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुसणी. चीक पोटात गेला नाही तर कोकरू संध्याकाळ बघत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं.

सासूबाई आल्या. कोकरू उचलून हुंगलं आणि कपाळावर हात मारला.

"लय शहाणी हायस! वास धुऊन टाकलास की समदा. ती काय तोंड बघून वळखती व्हय?"

बारावीला सायन्स होतं मला. वास म्हणजे रेणू, ते हवेतून नाकापर्यंत निरोप नेतात, हे पाठ करून लिहिलं होतं. दोन मार्कांपुरतं ते शिक्षण. इथे मेंढीला निरोपच पोचत नव्हता.

सासूबाईंनी मेंढी व्याल्यावर बाजूला पडलेली वार उचलली आणि कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळली. वरून मेंढीचाच चीक लावला. मेंढीने लांबूनच नाक वर केलं. जवळ आली, शेपटीपाशी हुंगलं, घशातल्या घशात काहीतरी बोलली आणि चाटायला लागली. कोकरू कासेला लागलं. मला त्या मेंढीचा राग आला. खरंच आला.

"काय बघायलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, मला माझ्या लेकराचा वासच ठाव न्हाई. शंभरात ठिवलं असतं तर मी वळखलं नसतं."

त्या हात पुसत खाली बसल्या. म्हणाल्या, "मांडीवर मीच घेतलं व्हतं त्याला. टाळूला नाक लावलं व्हतं. तुझाच वास येत व्हता, पोरी."

मी पदर नाकाशी धरला. मग मात्र रडू आवरलं नाही.