ताटाची डावी बाजू

ती घटना आजही आठवते, असे म्हणणे अपुरे ठरेल. ती मला विसरूच देत नाही. अर्धांगवायूने डावे अंग गेलेल्या एका माणसाच्या पायावर मी काठी मारली होती. हे मी ना वरिष्ठांना सांगितले, ना घरी.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी नाशिकात फौजदार होतो. जुन्या गावातल्या भांड्यांच्या एका कारखान्यातून, कामगार जेवायला गेले असताना, तांब्याचे पत्रे चोरीला गेले. दाराशी राखणदार बसलेला होता. पूर्वी तो तिथेच हंडे ठोकत असे. लकवा मारल्यावर मालकाने त्याला दारातल्या स्टुलावर बसवले होते. काठी टेकत तो हळूहळू चालू शकत असे; बोलणे मात्र स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी मालकाचा मेहुणा खबर घेऊन आला. "साहेब, पत्र्यांची हातगाडी राखणदाराच्या शेजारून गेली. सामील असल्याशिवाय तो गप्प बसेल का?"

मी जागा पाहिली. मागच्या गल्लीकडे जाणारी वाट स्टुलाच्या डाव्या बाजूला अगदी लागून होती. मला खबर पटली. राखणदाराला ठाण्यात आणले, तेही स्टेशन डायरीत नोंद न करता.

"कोण आलं होतं?"

"कोनी नाय, साहेब. मी जागचा हललो नाय."

"गाडीचा आवाज?"

"आवाज आला व्हता. मला वाटलं, उजवीकडं, रस्त्यावर असंल."

मी त्याच्या डावीकडे उभा होतो आणि तो उजवीकडच्या भिंतीशी बोलत होता. नजर चुकवणारा माणूस खोटे बोलतो, हा आमचा अनुभव. त्याचा मला गर्वही होता. मी काठी उचलली. डाव्या पोटरीवर फटके बसले, तरी त्याचा चेहरा हलला नाही. मी त्याला निर्ढावलेला ठरवले. रक्त आल्याचे हवालदाराने दाखवले, तेव्हा कुठे त्याला कळले.

दुपारी खाणावळीतून त्याच्यासाठी ताट आले. भाजी-आमटी संपवून तो म्हणाला, "साहेब, चटणी नाय वाढली?"

चटणी, मीठ, कोशिंबीर आपल्या रीतीप्रमाणे ताटात डावीकडे होती. हात लावलेला नव्हता.

हवालदार हसला. "समोर असून मागतोय! काय जावईबापू, भरवू का?"

मला वाटले, हा आमची थट्टा करतो आहे. माझा हात पुन्हा काठीकडे गेला. एवढ्यात नवऱ्याला शोधत आलेली त्याची बायको दारातून आत आली. ती सरळ त्याच्याजवळ गेली. खाली बसली आणि तिने ताट अर्धे फिरवले. चटणी उजवीकडे आली.

"ही काय!" तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

"बाई, हे काय केलंत?"

"घरी रोजच करते, साहेब. डावीकडचं ह्यांच्या ध्यानातच येत नाय. ताट फिरवलं नाय तर अर्ध्या पोटी उठत्यात."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"इचारलं कोनी? कारखान्यात समद्यांना ठाव हाय. शेठचा मेव्हणा डावीकडून ह्यांची पान-तमाकूची चंची उचलतो, उजवीकडून हातात देतो अन् म्हनतो, घ्या काका, जादू!"

मी काठी कोपऱ्यात ठेवली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचेच म्हणणे खरे ठरवले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावे अंग लुळे पडते, हे मला ठाऊक होते; परंतु काही रुग्णांच्या लक्षातून डावीकडचे सारे जगच निसटते, डोळे शाबूत असूनही, हे ठाऊक नव्हते.

मेहुण्याला बोलावून मी एकच प्रश्न विचारला. "फिर्यादीत हातगाडीचं नाव नाही. तुला कुठून कळलं?" तो आधी हसला, मग त्याने पाणी मागितले. संध्याकाळपर्यंत त्याने दाखवलेल्या जागेतून पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त झाला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

राखणदार सुटला, पण पोलिसांनी नेलेला माणूस दाराशी नको, म्हणून मालकाने त्याला परत घेतले नाही. लकव्याने पाय बधिर असल्यामुळे पोटरीची जखम दुखत नव्हती, म्हणून तिच्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. ती चिघळली आणि त्यानंतर त्याचे काठी टेकत चालणेही संपले. हे मला तेव्हाच हवालदाराकडून समजले होते. मी गेलो नाही.

समोरच्याने काय लपवले आहे, हे शोधण्यात माझी सारी नोकरी सरली. त्याला काय दिसतच नसेल, असा विचार मी करायला हवा होता. डावी बाजू त्याची गेली होती, तिकडे न पाहणारा मी होतो.

निवृत्तीनंतर त्याच्या घरी गेलो. बायकोने मला ओळखले आणि आत घेतले. तो खाटेवर बसला होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसून बोलू लागलो, तर तो भिंतीकडे पाहत बायकोला म्हणाला, "कोन आलंय गं?"

खुर्ची त्याच्या डावीकडे होती. मी उठलो, खाटेला वळसा घालून उजवीकडे गेलो आणि जमिनीवर बसलो. त्याने माझ्याकडे पाहिले.

"मी तो फौजदार," मी म्हणालो. "तुम्ही खरं बोलत होता आणि मी तुम्हाला मारलं. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. माझं चुकलं, काका. मला माफ करा."