परिशिष्टाचा सातवा खंड

ही गोष्ट मी आजवर कुठल्याच भाषेत उच्चारलेली नाही. मराठीत नाही, इंग्रजीत नाही, आणि जिच्यात ती घडली त्या जर्मनमध्ये तर नाहीच. नवऱ्याला माहीत नाही. बाबा गेले, त्यांनाही सांगितली नाही. मग तुम्हाला का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

पण आधी मला जरा मिरवू द्या. मिरवल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन हजारच्या सुमारास आम्ही जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आलो. नवऱ्याला तिथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी होती. मी पुण्याहून राज्यशास्त्रात एम.ए. करून आलेली, हाताला काम नाही. दोन वर्षं जर्मन घोटलं, "डांके" म्हणजे धन्यवाद इथपासून. मग रेल्वेने पाऊण तासावरच्या एका गावात, सरकारं कशी चालतात याचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत अर्धवेळ जागा मिळाली. विषय होता ब्रिटिश सरकार आणि तिथले चौकशी आयोग. तिकडे काही भयंकर घडलं, की सरकार एखाद्या निवृत्त न्यायाधीशाला नेमतं, वर्षानुवर्षं साक्षी होतात, आणि शेवटी अहवालाचे जाडजूड खंड बाहेर पडतात. ते वाचायचे, आणि धोक्याची सूचना नेमकी कुणाच्या टेबलावर अडकली ते शोधायचं, हे माझं काम.

मुलाखतीत एकाने विचारलंच, भारतीय बाई, जर्मनीत बसून ब्रिटिशांचा अभ्यास करणार? मी म्हटलं, दीडशे वर्षं त्यांनी आमच्या फायली लिहिल्या, आता आम्ही त्यांच्या वाचतो. सगळे हसले. मी मात्र विनोद केला नव्हता.

आणि मी या कामात चांगली होते हो! नुसती चांगली नाही, त्या संस्थेत माझ्या तोडीचं कुणी नव्हतं. बाबा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. ते म्हणायचे, "फाईल मागून पुढे वाचायची. पुढच्या पानावर साहेबाला दाखवायचं ते असतं, मागच्या पानावर घडलेलं." माझे जर्मन सहकारी अहवालाचा निष्कर्ष वाचून थांबत. मी साक्षीतल्या पत्राच्या कोपऱ्यातला शेरा वाचायची, सही कुणाची आहे आणि कुणाची नाही ते बघायची. हे मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. त्याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. खोटा विनय कशाला दाखवू?

संस्थेचं दप्तर सांभाळायला हेर लांगे होते; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. साठी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले, कायम करड्या स्वेटरमध्ये. लंडनहून खंड मागवायचे, नोंदवायचे, ज्याचे त्याला पोचवायचे. पहिल्यांदा फोनवर त्यांचं नाव सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "हेर? तुमच्या ऑफिसात हेर ठेवलेत का गं?" मी ते लांगेंना समजावून सांगितलं. ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. त्यानंतर माझ्या टेबलाशी आले की हलकेच म्हणायचे, "गुप्तहेर आला आहे, फ्राऊ पाटणकर." त्या इमारतीत माझं आडनाव पहिल्या दिवसापासून नीट उच्चारणारे ते एकटेच. कुणाला न विचारता त्यांनी ते घरी घोकलं होतं.

आता मुद्द्यावर येते. येतेय.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात, एका वृद्धाश्रमात बॉयलर गळत होता. विषारी वायू खोल्यांमध्ये शिरला, आणि काही म्हातारी माणसं झोपेतच गेली. त्याच्या कित्येक महिने आधी एका तपासनिसाने इशाऱ्याचं पत्र नगरपालिकेला पाठवलं होतं. ते गेलं कुठे? आयोगाला ठाम सांगता आलं नाही. मी सांगितलं. साक्षी जुळवून, तारखा लावून मी दाखवलं की पत्र एका विशिष्ट कार्यासनावर आलं आणि तिथून पुढे हललंच नाही. नाव लिहिलं नाही, फक्त पद. पण त्या पदावर एकच कारकून बाई होत्या, आणि गाव लहान होतं.

तो लेख गाजला. बर्लिनला बोलावणं आलं, मग लंडनहून. लंडनमधल्या सभागृहात आईची इरकल नेसून मी उभी राहिले, आणि समोर बसलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यांचंच ऑफिस कसं चालतं ते समजावून सांगितलं. ते लिहून घेत होते! बाबांना फोन केला. "आवक-जावक सांभाळणाऱ्याची मुलगी," एवढंच म्हणाले, आणि फोन आईच्या हातात दिला.

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी संस्थेच्या पत्त्यावर एक पत्र आलं. निळा कागद, हाताने लिहिलेला. त्या कारकून बाईंचं. त्या आता निवृत्त होत्या. चीड नाही, मागणी नाही. परिशिष्टाच्या सातव्या खंडात आपल्या कार्यालयाचं जावक रजिस्टर छापलेलं आहे, एवढंच त्यांनी कळवलं होतं. सोबत पान क्रमांक. आपण पत्र दुसऱ्याच दिवशी वरच्या साहेबांकडे पाठवलं होतं, नोंद आहे, कृपया पाहावी.

जावक रजिस्टर. बाबांच्या मुलीने जावक रजिस्टर पाहिलं नव्हतं.

पत्र आधी आमच्या प्रमुखांच्या हातात पडलं. प्रोफेसर बाई, शिस्तीच्या, पण न्यायी. त्यांनी मला आणि लांगेंना खोलीत बोलावलं आणि विचारलं, सातवा खंड आपल्याकडे आला होता का?

आला होता. माझ्या टेबलाखालच्या खोक्यात होता. लेख पाठवण्याच्या तीन आठवडे आधी आला होता, आणि त्यावर लांगेंनी पिवळी चिठ्ठी लावली होती, रजिस्टरं आहेत, जरूर पाहा. मी पाहिलं नाही. आळस होता का? नाही. लेख पूर्ण झाला होता, देखणा झाला होता, आणि त्याला धक्का लागेल असं काही मला वाचायचं नव्हतं. त्या वर्षी माझी कायम नेमणूक व्हायची की नाही ते ठरणार होतं, हेही खरं. पण ते दुय्यम. मला चुकलेली दिसायचं नव्हतं, बास.

मी म्हटलं, "माझ्यापर्यंत पोचला नाही."

तीनच शब्द. प्रोफेसर बाईंनी लांगेंकडे पाहिलं. लांगेंनी माझ्याकडे. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी दिला होता. म्हणाले असते तर मी काय केलं असतं? कोण जाणे. पण ते कपाळावरून हात फिरवत राहिले, आणि मग सावकाश म्हणाले, "आल्झो... मग माझ्याकडूनच राहिला असणार."

ते मला वाचवत नव्हते. तसं असतं तर मी कदाचित इतकी वर्षं ते वागवलं नसतं. त्यांना ते खरंच वाटलं. एक बाई, जिच्यावर त्यांचा विश्वास होता, ठामपणे सांगत होती की खंड मिळाला नाही. म्हणजे चूक त्यांचीच असणार.

इथेच थांबता आलं असतं मला. इथवरचं तुम्ही कदाचित समजूनही घेतलं असतं. पण अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या आधीच्या गाडीने गेले. इमारतीत सफाईवाल्या बाईखेरीज कुणी नव्हतं. पिवळी चिठ्ठी काढली, फाडली, पर्समध्ये टाकली. आणि तो खंड लांगेंच्या खोलीत, त्यांच्या फडताळात, जुन्या अहवालांच्या रांगेमागे सरकवून ठेवला. मी. स्वतःच्या हाताने. खालच्याच्या माथी दोष कसा मारला जातो, यावर जिने शेकडो पानं लिहिली होती, तिने. कसं करायचं ते मला चांगलंच ठाऊक होतं!

तीन दिवसांनी ते माझ्या दारात आले. खंड दोन्ही हातांत, एखादं तान्हं मूल धरावं तसा. त्या दिवशी गुप्तहेर वगैरे काही म्हणाले नाहीत.

"माझ्याच फडताळात होता," ते म्हणाले. "मी शपथेवर सांगितलं असतं की तुम्हाला दिला. तो दिवससुद्धा मला आठवतो, फ्राऊ पाटणकर. जे घडलंच नाही ते मला आठवतंय."

मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

हे वाक्य मी अजून ऐकते.

मी दुरुस्ती छापली. स्पष्ट, मोठी, पळवाट न ठेवता. त्या बाईंचा दोष नाही, पत्र वर गेलं होतं, वरच्या साहेबाकडे थांबलं. त्यांच्या गावच्या वर्तमानपत्रातही ते आलं. ती दुरुस्ती मी लिहिलेल्यांत सगळ्यात चांगली आहे, आणि तिचाही मला अभिमान आहे. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण आहे. फक्त तळटीपेत एक ओळ होती, की लेखनाच्या वेळी परिशिष्ट लेखिकेला उपलब्ध नव्हतं. लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. नेमणूक कायम झाली. पुढे पुस्तक आलं. ते आजही शिकवलं जातं.

आणि लांगे? त्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षं थांबून सगळं दप्तर नव्याने लावायचं होतं. प्रोफेसर बाईंनी तसं कबूलही केलं होतं. ते काम म्हणजे त्यांचं स्वप्न. त्यांनी नकार दिला. म्हणाले, ज्याला आपल्या डोक्याचा भरवसा नाही त्याने दप्तराला हात लावू नये. खिशात एक वही ठेवायला लागले. कुणाला काय दिलं, केव्हा दिलं, सगळं लिहायचे, आणि सही घ्यायचे. माझीसुद्धा. मी सही करायचे.

त्यांच्या निरोपाला केक होता, फुलं होती. भाषण मी केलं. चांगलं झालं. माझी भाषणं चांगलीच होतात.

काही वर्षांनी ते वारले, हृदयविकाराने. दफनानंतर त्यांच्या बायकोने मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्यांना शेवटपर्यंत आपल्या आठवणीची भीती वाटायची. तीनदा तपासणी केली. डॉक्टर म्हणायचे, काही झालेलं नाही. पण ते मानायचेच नाहीत. तुम्ही होतात ना तेव्हा? खरंच इतकं विसरायचे का हो?"

दफनभूमीत ऊन होतं. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. सांगता आलं असतं. त्यांना सांगितलं असतं तरी पुरलं असतं. माझं नाव, माझं पुस्तक, माझी खुर्ची, तोवर कशालाच धोका उरला नव्हता.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "वय झालं की होतं."

म्हणून आता लिहिते, आयोगाच्या अहवालात लिहितात तसं, सरळ. हेर लांगे काहीही विसरले नव्हते. मंगळवार होता, दुपारची जेवणाची सुट्टी संपली होती. सातवा खंड त्यांनी माझ्या हातात दिला, आणि मी मान वर न करता "डांके" म्हटलं.