सही आधी, चिठ्ठी नंतर

ऑगस्ट १९९६, शुक्रवार सकाळ. बारामतीतल्या एका खासगी दवाखान्याचा पुरुषांचा वॉर्ड. बिल दोन हजार रुपये. हजर माणसं चार: खाटेवर बावड्याचे आबा, अंगभर फोड आलेले, त्यांचा मुलगा, दवाखान्याचे मालक डॉक्टर, आणि मी, तिथली नर्स.

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी मुलापुढं धरली.

"अक्षर बघा. हे माझं आहे का? या बाईंनी परस्पर सल्फाची गोळी लिहिली, त्याचेच हे फोड. मेंढरांना पाजायची सवय. माणसाला काय द्यायचं ते कसं कळणार?"

मी शेळगावची. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

मुलगा म्हणाला, "बाई, आमचा आबा तुमाला डाक्टरच समजत हुता."

चिठ्ठी मीच लिहिली होती. पूर्वी कुठल्या गोळीचा त्रास झालाय का, असं आबांना विचारलं होतं. ते नाही म्हणाले होते. पण खालची सही डॉक्टरांची होती. आणि ती मी लिहायच्या आधीच झालेली होती.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आम्हा नर्स-कंपाउंडर लोकांचं प्रशिक्षण सुरू केलं. खेड्यात डॉक्टर जात नाहीत, म्हणून रोगी तुम्ही तपासायचा, औषधही तुम्हीच लिहायचं. "आता तुम्ही हाताखालचे नाही. स्वतंत्र," असं ते म्हणायचे. मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. ज्यांच्या खोलीत आम्ही चपला काढून जायचो, उभ्यानं बोलायचो, ते आमच्या हातात पेन कशाला देतायत?

मी विचारलं, "साहेब, चिठ्ठीवर नाव कुणाचं?"

"आधी शिका."

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक पॅड मिळालं. वर त्यांचं नाव, डिग्री. खाली त्यांची सही, पानोपानी आधीच केलेली. मधली जागा कोरी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कंपाउंडरनं पॅड कपाळाला लावलं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो.

"तात्या, ह्यात आपुन कुठं हाय?"

"गप लिव की गं. नाव काय चाटायचंय? आता माळेगावात मलाबी लोक नमस्कार घालत्याल."

डॉक्टरांनी गावोगाव दवाखान्याच्या शाखा उघडल्या. मीही बावड्याच्या शाखेत गप लिहीत राहिले; आबांची चिठ्ठी तिथलीच. रोग्यांचे पैसे रोज संध्याकाळी बारामतीला जात.

त्या शुक्रवारी वॉर्डातून डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"सिस्टर, मनावर घेऊ नका. लोकांसमोर तसं बोलावं लागतं." ड्रॉवरमधून नवं पॅड काढलं, टेबलावरून माझ्याकडं सरकवलं. सगळ्या पानांवर सही. "सोमवारी बावडा उघडायचाय."

अंगाची आग झाली. बाहेर हे हात मेंढरांचे. आत हेच हात सोमवारी कामाला पाहिजेत.

मी पॅड परत सरकवलं.

"मी न्हाय लिवणार. पैसं आलं की सही बघायची, फोड आलं की अक्षर. ज्या कागदावर माझं नाव न्हाय, त्यावर माझं अक्षर न्हाय."

"जा मग. दहाजणी रांगेत उभ्या आहेत."

"त्यास्नी मीच सांगते."

नोकरी गेली. मी सांगत सुटले. दोघींनी पॅड परत केलं. तात्यांनी ऐकलं नाही.

आबा बरे होऊन घरी आले, तेव्हा मी बावड्याला गेले. बिल मुलानं भरलं होतं. मी त्याच्या हातात हजार रुपये ठेवले.

"हे माझ्या अक्षराचं. मी लिवलं, मी भरते. ऱ्हायलेलं हजार सहीचं. ते साहेबाकडं माग. मी संगं येते, समद्यांसमोर सांगते."

त्यानं नोटा मोजल्या. बसा म्हणाला नाही. साहेबाकडंही गेला नाही. मी मात्र गेले, एकटी, ऐन गर्दीच्या वेळी. वॉर्डात डॉक्टर माझ्याबद्दल जे बोलले होते, त्याचं उत्तर बाकड्यांवरच्या रोग्यांसमोर मोठ्यानं दिलं: अक्षर माझं, पण सही साहेबाची, आन् तीबी आधीच केल्याली. शिपायानं बाहेर काढलं.

दिलेली रक्कम एवढीच: हजार रुपये, आबांच्या मुलाला, माझ्याकडून. सहीवाल्यानं एक पैसा दिला नाही. कुणी विचारलं, तर आजही मी त्याचं नाव घेऊन सांगते.