हातिंबा

तिसगावात आमच्या चर्चच्या बंधुमंडळात एक वेल्डिंगवाले आहेत. नाव सांगत नाही. लोखंडाचा माणूस, अंगावर येईल. कुणी काहीही मागितलं की ते काळा चष्मा कपाळावर सरकवतात आणि आवाज घुमवून म्हणतात, “आपला पाठिंबा हाय!”

यंदा मी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो, तेव्हा त्यांचा पाठिंबा खिशात घालूनच हिंडत होतो. समोर उभा माझा सख्खा साडू. सभेत हात वर करून मतं घेतली आणि दोघांना सारखीच पडली. एकट्या वेल्डिंगवाल्यांचे हात मांडीखाली!

“अहो, पाठिंबा दिलाय ना? मग करा की हात वर!” मी ओरडलो.

ते सावकाश उठले. “सर, शबुद नीट बघा. पाठिंबा निघाला पाठीतनं. भावानं भावाच्या पाठीला पाठ लावून हुबं ऱ्हायचं, म्हंजे मागनं कोन वार करनार न्हाई. हात पायजे असता तर जुन्या मान्सांनी ‘हातिंबा’ म्हनलं नसतं का?”

“पण मत कुणाला?” साडू कळवळला.

“तुमालाबी पाठिंबाच दिलाय की, पाव्हनं!”

सभा हसून लोळली. त्या हशातच कुणीतरी अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव सुचवलं. भराभर हात वर गेले. लाजेकाजेनं माझा गेला, साडूचाही गेला.

वेल्डिंगवाल्यांनी मात्र स्वतःचे दोन्ही वर केले.