कोल्ह्याने पळवलेला जवळा

माझ्या बायकोनं, हलीमानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे जवळा निवडणं. रियाधच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात, फरशीवर पेपर पसरून.

"अवो, डोळे आहेत की बटणं? खडे तसेच ठेवताय सगळे!"

हे तिचं मला शेवटचं ओरडणं. तिनं चटणी भाजली, तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली आणि त्याच आठवड्यात गेली. डबा मागे राहिला.

मी इथल्याच सुलै भागातल्या गोदामाचा ट्रक चालवून म्हातारा झालो. शाळा जेमतेम, तोंड फटकळ. रोज त्या डब्यातली चिमूटभर चटणी भातावर घ्यायची आणि सून नाझनीनला ऐकवायचं, "याला म्हणतात हात! तुला जन्मात जमायचं नाही." ती बिचारी मान खाली घालून वाढायची. (डबा इतके महिने संपत कसा नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. म्हटलं, बरकत!)

मग मुलाला, इम्रानला, डोंगर चढायचं वेड लागलं. परदेशात कुठंतरी तलावांचं आणि बर्फाच्या नद्यांचं रान आहे म्हणे, तिथं पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठवडाभर चालायचं. त्याचा सराव म्हणून आधी इथलेच, सौदीच्या उत्तरेकडचे, हाइलचे डोंगर. नाझनीनही बरोबर जाणार, आणि मला घरात एकटं ठेवायला तो धजेना.

"अब्बा, तिथंपण तलाव आहे."

"आणि बर्फ?" (हलीमाला जन्मभर बर्फ बघायचा होता. बघितला तो फ्रीजमधला!)

"थंडी तर आहे ना! यल्ला, चला."

निघताना त्यानं माझी पिशवी हलकी करायला घेतली. गोधडी काढली, लोटा काढला. डब्याला हात लावला तसा मी म्हणालो, "डबा येणार. जड होत असेल तर तू राहा घरी."

पहिला दिवस मी इम्रानच्या खांद्याला लोंबकळून काढला. दुसऱ्या दिवशी तलाव आला. तलाव कसला! खडकाच्या खळग्यात साठलेलं पावसाचं पाणी. एक म्हैस बसली असती तर दुसरीला वाट बघावी लागली असती!

सूर्य मावळला. मी डबा शेजारी ठेवून नमाज पढलो, सलाम फिरवला, तर डबा चालायला लागलेला!

कोल्हा!

"अरे चोरा! थांब!"

गुडघे दुखणारा मी सुटलो ना पळत! एका हातात लुंगी, दुसऱ्यात चप्पल. चप्पल नेम धरून फेकली, ती इम्रानच्या कानशिलात बसली. कोल्हा खडकावर, मी खडकावर. कोल्हा घाबरला, त्यानं डबा सोडला, डबा पाण्यात. मागोमाग मीही धप्पकन पाण्यात! झाकण उघडलं, जवळा तरंगायला लागला, आणि मी गुडघ्यांवर बसून मुठी भरतोय.

"अब्बा, बाहेर या! गारठून मराल!"

"मरू दे! तिच्या हातचा शेवटचा आहे हा! परत कुठून आणू?"

नाझनीन कपड्यांसकट पाण्यात उतरली. माझं मनगट धरलं.

"अब्बा, हा अम्मीचा नाही."

"काय?"

"अम्मीचा डबा ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी जियारतीला आलेल्या पाहुण्यांनीच संपवला. तुम्ही रिकामा डबा हुंगत बसलेलात. बघवेना. म्हणून मी भरला. तेव्हापासून मीच भरते."

मी इम्रानकडे बघितलं. तो आभाळाकडे बघायला लागला. म्हणजे याला ठाऊक!

"आणि मी रोज तुला... तुझ्याच चटणीवरून?"

"हो, अब्बा." ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी मुठीतला जवळा सोडला आणि तिचा हात धरून पाण्याबाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याकडे गेलो. काठाला पापडासारखा बर्फ धरला होता, आत जवळा अडकलेला. एक तुकडा तळहातावर घेतला, वितळेपर्यंत धरून ठेवला. बघ हलीमा, तुझा बर्फ. मग स्वतः चहा केला आणि पहिला कप नाझनीनला नेऊन दिला. (तिनं आधी आत काय आहे ते बघितलं.)

"एक सांगू? तुझ्या चटणीत मीठ कमी असतं."

"अम्मीनं शिकवलं तेवढंच टाकते."

"ठाऊक आहे. तिच्यातपण कमीच असायचं."

"मग अम्मीला कधी बोलला नाहीत ते?"

मी सवयीनं मागं वळून बघितलं, आवाज खाली आणला.

"जीव नको होता मला?"