ताणावरची रोपं

मिरचीची रोपं घ्यायला भर दुपारी रोपवाटिकेत गेले, तर एका वाफ्यातली सगळी रोपं माना टाकून उभी. मला राहवेना. कडेला ठेवलेली झारी उचलली, तेवढ्यात रोपवाटिकेच्या शांताबाई आतूनच ओरडल्या, "अहो ताई, पाणी नका घालू! मुद्दाम ताणावर सोडलीत ती. परवा रानात जायचीत. तिथं त्यांच्यावर सावली कोण धरणार?"

मी ओशाळून झारी खाली ठेवली. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने एकदा सांगितलं होतं, की पाणी तुटलं, ऊन तापलं की रोपाच्या पेशी खास प्रथिनं तयार करायला लागतात. उष्णतेनं पेशीतली बाकीची प्रथिनं विस्कटायला लागली, की ही त्यांना धरतात, सावरतात, पुन्हा नीट घडी घालून देतात. तेव्हा मी भाजी निवडता निवडता नुसतं "हो का?" म्हटलं होतं. आता त्या मरगळलेल्या पानांपुढे वाकले आणि अंगावर काटा आला. नखाएवढ्या पानात आत्ता केवढी धावपळ चालली असेल, आणि बाहेर जराही आवाज नाही! मी ज्याला मरण समजून झारी उचलली होती, ती त्यांची तयारी होती.

शांताबाईंनी चहा टाकला. गप्पांत ऊन उतरलं. निघताना सहज वाफ्याकडे पाहिलं. पाणी कोणीच घातलं नव्हतं, आणि एकेक रोप मान वर करून उभं होतं.